‘पुतिन आवडतात का?’ असं न विचारता

रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया घेतला आणि मतचाचण्यांत पुतिन यांचा पाठिंबा ८० टक्क्यांच्या वर गेला. त्यांच्या विरोधकांचं निदान तयारच होतं: लोक घाबरून ‘हो’ म्हणतात. पटण्यासारखं आहे, पण तोही अंदाजच. भीती मोजायची कशी?

त्यासाठीची युक्ती मला फार आवडते. राज्यशास्त्रज्ञ टिमथी फ्राय आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या जानेवारीत आणि मार्चमध्ये ती लेवादा केंद्र या रशियन मतचाचणी संस्थेच्या पाहणीत वापरली. लोकांचे यदृच्छया, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, दोन गट केले. एका गटापुढे जुन्या नेत्यांची तीन नावं: स्टालिन, ब्रेझनेव्ह, येल्त्सिन. दुसऱ्यापुढे तीच तीन आणि पुतिन. प्रश्न एवढाच, यांतल्या कितीजणांना तुमचा पाठिंबा? कोणाला, ते सांगायचं नाही. ‘दोन’ म्हणणाऱ्याच्या मनातले दोन कोण, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही.

समजा, पहिल्या गटाची सरासरी १.१ आली, दुसऱ्याची १.९. गट यदृच्छया पाडलेले, म्हणून वरचे ०.८ पुतिन यांचेच. म्हणजे ८० टक्के. एकाचंही मत उघड झालं नाही आणि सगळ्यांचं मोजून झालं!

मेख आहेच. कोणीच न आवडणारा ‘शून्य’ म्हणाला की उघडा पडला. म्हणून एकमेकांशी न पटणारी नावं घेतात, म्हणजे प्रत्येकाला निदान एक तरी चालतं. शिवाय दोन सरासऱ्यांची वजाबाकी केली तरी त्यांच्या अंदाजांच्या विचरणांची (म्हणजे अनिश्चिततेच्या मापांची) बेरीजच होते, त्यामुळे त्रुटीची मर्यादा सरळ प्रश्नापेक्षा बरीच रुंदावते.

निकाल? थेट विचारलं तेव्हा ८६ ते ८८ टक्के, यादीतून सुमारे ८०. यादी लांबली की काहीजण मोजतानाच एखादं नाव गाळतात, त्यामुळे हा फरकही सगळा भीतीचा म्हणता येत नाही. लपवणारे असतील, पण विरोधकांना वाटत होते तेवढे नव्हते. (सरकारी दूरचित्रवाणीने घडवलेलं मत ‘खरं’ मानायचं का, हा वेगळा प्रश्न.)

आपल्याकडे निवडणूक आली की ‘मूक मतदारा’च्या मनातलं ओळखणारे पंडित आणि ज्योतिषी वाहिन्यांवर अवतरतात. ज्योतिषांची परीक्षा जयंत नारळीकरांनी घेतली होती: दोनपैकी एक पर्याय निवडायचा होता, २७ जणांची उत्तरं ४६ टक्के बरोबर, नाणेफेकीहूनही कमी. पंडितांची घ्यायची राहिली.

अमेरिकेत २०१६ मध्ये चाचण्या चुकल्या तेव्हा ट्रम्प यांच्या ‘लाजऱ्या’ मतदारांवर खापर फुटलं. राज्यशास्त्रज्ञ अलेक्झांडर कॉपक यांनी हीच यादी-युक्ती लावून पाहिली, तर पाठिंबा लपवल्याचा पुरावा मिळाला नाही. एक मोठी चूक दुसरीकडेच होती: बऱ्याच राज्यांच्या चाचण्यांत कमी शिकलेले मतदार नमुन्यातच कमी आले होते आणि भारांक देऊन (म्हणजे त्यांच्या उत्तरांना जास्त वजन देऊन) त्याची भरपाई केलेली नव्हती.