डिजिटल मीटर मागे करता येत नाही, हे डोक्यातून काढून टाका

सेकंड हँड गाडीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "मीटर डिजिटल आहे हो, त्यात काय गडबड होणार, ती सगळी जुन्या गाड्यांची भानगड." विकणारा असं म्हणतो ते समजू शकतो, पण घेणारेसुद्धा एकमेकांना हेच सांगतात, की गाडी किती किलोमीटर चालली ते दाखवणारा डिजिटल आकडा खाली आणता येत नाही, आणि खरी परिस्थिती जवळजवळ उलटी आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेचा, म्हणजे एनएचटीएसएचा, अंदाज आहे की तिथे दरवर्षी साडेचार लाखाच्या वर गाड्या खोट्या रीडिंगवर विकल्या जातात. आणि तिथे मीटर मागे करण्याविरुद्ध कायदा 1972 पासून आहे!

आधी जुनं मीटर थोडक्यात. गिअरबॉक्समधून एक लवचिक केबल डॅशबोर्डपर्यंत यायची, ती गरगर फिरायची, वर्म गिअर तो वेग शेकडो पटींनी कमी करायचे आणि शेवटी आकड्यांची चाकं हलायची. एका चाकाचा पूर्ण फेरा झाला की शेजारचं चाक 36 अंश सरकायचं. हे मागे करायचं तर मीटर उघडायला लागायचं नाहीतर केबल उलटी फिरवत बसायला लागायचं, आणि उघडलेल्या मीटरमध्ये आकडे बऱ्याचदा एका ओळीत नीट बसायचे नाहीत, जाणकार माणूस ते तिरके आकडे बघूनच उठून जायचा.

आता आकडा म्हणजे चिपमधले काही बाइट, आणि बाइट तिरके दिसत नाहीत.

डिजिटल गाडी अंतर कसं मोजते बघा. चाकाजवळ एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, सेन्सर असतो, त्याच्यासमोरून दातेरी किंवा चुंबकीय रिंग फिरते आणि प्रत्येक दाताला विजेचा एक ठोका, म्हणजे पल्स, जातो. 185/65 आर 15 मापाच्या टायरचा घेर साधारण 1.95 मीटर, म्हणजे किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे, आणि रिंगला 48 दात धरले तर एका किलोमीटरला 24 हजारांवर पल्स. काही गाड्यांत सेन्सर गिअरबॉक्सवर असतो, तत्त्व तेच. म्हणजे गाडी अंतर मोजतच नाही, ती फेरे मोजते आणि टायरचा घेर ठरलेला धरून गुणाकार करते. टायर पार झिजला की व्यास बारा-तेरा मिलिमीटरने कमी होतो, फेरे वाढतात आणि मीटर जास्तीत जास्त दोनेक टक्के जास्त दाखवतं, हा प्रामाणिक मीटरचासुद्धा दोष.

खरी गंमत हा आकडा साठवायचा कसा यात आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण मला हा भाग फार आवडतो.

बॅटरी काढली तरी आकडा राहिला पाहिजे, म्हणून तो ईईप्रॉम नावाच्या मेमरीत लिहितात. यातल्या प्रत्येक बिटासाठी, म्हणजे शून्य किंवा एक अशा एका अंकासाठी, एक ट्रान्झिस्टर असतो आणि त्याच्या आत फ्लोटिंग गेट, म्हणजे सगळ्या बाजूंनी ऑक्साइडच्या थराने बंद केलेला एक बारीकसा तुकडा. ही कल्पना 1967 ची, बेल लॅब्जमधल्या दावोन कांग आणि सायमन झी यांची. त्या तुकड्यात इलेक्ट्रॉन अडकवले किंवा बाहेर काढले की त्याचा शून्य-एक बदलतो. आत जायला वाट नाही, म्हणून चिप स्वतःच पंधरा-वीस व्होल्टचा दाब तयार करते आणि साधारण 10 नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन क्वांटम टनेलिंगने आरपार जातात. दाब काढला की आतले इलेक्ट्रॉन तिथेच अडकून राहतात, वर्षानुवर्षं.

पण प्रत्येक वेळी लिहिताना त्या थराला थोडी इजा होते, काही इलेक्ट्रॉन मध्येच रुतून बसतात आणि कधीतरी तो बिट भरवशाचा राहत नाही. साधारण एक लाख ते दहा लाख वेळा लिहिता येतं. आता हिशोब करा, गाडी तीन लाख किलोमीटर चालली आणि दर किलोमीटरला त्याच जागी नवा आकडा लिहिला तर तीन लाख वेळा लिहिणं झालं, एक लाखवाली चिप असेल तर ती कधीच थकली!

यावर इंजिनिअर लोकांनी जे केलं ते बघण्यासारखं आहे. एका जागी पूर्ण आकडा लिहायचाच नाही. सोळा कप्पे घ्यायचे आणि कामाची पाळी लावल्यासारखं दर किलोमीटरला पुढच्या कप्प्यात एक वाढवायचा. गाडी बरोबर एक लाख किलोमीटर झाली तेव्हा सोळाही कप्प्यांत 6,250 असतात. पुढच्या किलोमीटरला पहिला कप्पा 6,251 होतो, बाकी पंधरा तसेच. त्याच्या पुढच्याला दुसरा. मीटर फक्त सोळांची बेरीज दाखवतं. तीन लाख किलोमीटरला एकेका कप्प्यात फक्त 18,750 वेळा लिहिलं गेलं, झिजायचा प्रश्नच मिटला. कप्पा 16 बिटांचा असेल तर त्यात जास्तीत जास्त 65,535 मावतात, गुणिले सोळा म्हणजे 10,48,560, सहा आकडी मीटरला बरोब्बर पुरतं.

दुसरा फायदा तर आणखी सुंदर. लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं आणि एका कप्प्यात कचरा गेला तरी बाकीचे पंधरा साक्षीला आहेत. नियम साधा, कुठल्याही दोन कप्प्यांत फरक शून्य किंवा एक, त्यामुळे एखाद्याच कप्प्यात अचानक 41,000 दिसले की तो बिघडला हे सॉफ्टवेअरला लगेच कळतं आणि खरा आकडा फार तर एका किलोमीटरच्या चुकीने परत मिळवता येतो. सगळ्या कंपन्या असंच करतात असं नाही, कुणी कप्पे आठ ठेवतं, कुणी पूर्ण आकडाच आळीपाळीने वेगवेगळ्या जागी लिहितं, कुणी आकड्याचे बिट उलटे करून ठेवतं, तरी कल्पना हीच.

आणि पाणी इथेच मुरतं. ही सगळी रचना झिजेपासून आणि वीज जाण्यापासून वाचायला केली होती, चोरापासून वाचायला नाही. कप्पे एकमेकांशी जुळतात का एवढंच ती तपासते, लिहिलं कुणी हे विचारत नाही. सोळाही कप्पे एकदम बदलले तर मीटरच्या दृष्टीने सगळं आलबेल! मधल्या काळात कितीतरी मॉडेलांत हे असंच होतं. नंतर प्रोसेसरच्या आतच मेमरी, सांकेतिक सही, फक्त वाढू शकणारा काउंटर असे उपाय येत गेले. फक्त वाढणारा काउंटर म्हणजे कायमचे जाळायचे बिट, एकदा शून्याचा एक झाला की परत शून्य होणे नाही. हे तंत्र काही नवीन नाही, मीटरमध्ये ते आधीपासून का नाही घातलं याचा मला मनापासून राग येतो.

हल्ली यावर ब्लॉकचेन, म्हणजे नोंदी अनेक संगणकांवर साखळीसारख्या जोडून ठेवायची पद्धत, हा रामबाण उपाय म्हणून विकतात. अहो, नोंद नंतर बदलता येत नाही हे कबूल, पण चुकीचा आकडा नोंदवला तर तो चुकीचाच कायमचा कोरला जाणार ना! बेल्जियममध्ये 2006 पासून कार-पास आहे, दर सर्व्हिसला, टायर बदलताना, तपासणीला रीडिंग एका जागी जमा होतं आणि विकताना तो कागद द्यावाच लागतो. साधा डेटाबेस आहे, पण चालतो, कारण पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी आहेत. तसंच नंबर प्लेटच्या अंकांची बेरीज शुभ येते का बघून गाडी पक्की करणारे लोक असतात, त्या बेरजेने इंजिनाला काही फरक पडत नाही, तोच वेळ खालच्या गोष्टींना द्या.

आकडा गाडीत फक्त मीटरमध्ये नसतो. इंजिनचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), गिअरबॉक्सचं युनिट, एबीएस, एअरबॅग, काही गाड्यांत चावीसुद्धा, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे कुठे ना कुठे अंतर टिपलेलं असतं. मीटर मागे करणारा बऱ्याचदा मीटर आणि अजून एखादी जागा बदलतो आणि बाकीचं राहून जातं. चांगल्या स्कॅनरने, म्हणजे गाडीला जोडून तिच्या आतल्या नोंदी वाचणाऱ्या यंत्राने, जुने फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) वाचले की कधीकधी त्यांच्यासोबत तेव्हाचं रीडिंगही दिसतं, आणि मीटरवर 40,000 असताना कोड 92,000 ला आलेला असेल तर पुढे बोलायचं काही कारणच नाही. वायरिंगमध्ये मोजणीच थांबवणारं यंत्र बसवलं असेल तर मात्र हे सगळे साक्षीदार एकदम मुके होतात, तेव्हा इंजिन किती तास चाललं ते ईसीयूला विचारायचं. 40,000 किलोमीटर आणि 3,200 तास म्हणजे सरासरी ताशी साडेबारा. जन्मभर ट्रॅफिकमध्ये उभी राहिलेली गाडी सोडली तर ही सरासरी पटण्यासारखी नाही, आणि ती खरंच तशी उभी राहिली असेल तरी इंजिन तेवढं चाललेलंच आहे.

हातात स्कॅनर नसला तरी टायरच्या बाजूला बघा, डीओटी अक्षरांनंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. गाडी 2017 ची, रीडिंग 22,000 आणि चारही टायर 2019 चे असतील तर पहिले टायर दोन वर्षांत कुठे गेले हे विचारलंच पाहिजे. ब्रेक डिस्कच्या कडेला बोट फिरवून बघा, अर्थात गाडी थंड असताना, तिथे चांगली उंच कडा लागली तर पॅडनी बरंच काम केलंय, वीस-बावीस हजारांत एवढी कडा सहसा येत नाही. पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटरवर वीस हजार, हे जमत नाही. पेडल एकदम कोरे करकरीत आणि सीटची दाराकडची कड बसलेली, म्हणजे पेडल बहुधा मुद्दाम बदललेले, हे तर अजून वाईट.

हे पैशापुरतं असतं तरी एक वेळ सोडून दिलं असतं. बऱ्याच इंजिनांत टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, ठरावीक किलोमीटरला बदलायचा असतो, लाखाच्या आसपास म्हणा. रीडिंग पन्नास हजारांनी खाली आणलं की नवा मालक निर्धास्त राहतो, बेल्ट चालत्या गाडीत तुटतो, अनेक इंजिनांत मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि भर रस्त्यात इंजिन बंद पडतं, मागून कोण येतंय ते तेव्हा नशिबावर.

एक मात्र लक्षात ठेवा, आकडे जुळले नाहीत म्हणजे दर वेळी फसवणूकच असं नाही. मीटर बिघडून बदललेला असू शकतो, ईसीयू दुसऱ्या गाडीचा बसवलेला असू शकतो. पण मग त्या कामाचं बिल असतं, त्यावर तारीख असते आणि त्या दिवशीचं रीडिंगही असतं. ते मागा, आणि त्याच्या आधीचं आणि नंतरचं सर्व्हिस बिल शेजारी ठेवून तिन्ही रीडिंग चढत्या क्रमाने जातात का ते बघा.