न सापडलेल्या तुकड्याचा सूर

जर्मनीच्या नैऋत्येला होले फेल्स नावाची गुहा आहे. २००८ साली तिथल्या मातीतून हाडाचे बारा तुकडे निघाले. ते जुळवले तेव्हा २१.८ सेंमी लांबीचा, जेमतेम ८ मिमी जाडीचा पावा तयार झाला. हाड ग्रिफन गिधाडाच्या पंखातलं, त्यावर बोटांसाठी पाच छिद्रं आणि एका टोकाला कोरलेल्या दोन टोकदार खाचा. वय पस्तीस हजार वर्षांहून जास्त. बातम्यांमध्ये ‘सर्वांत जुन्या वाद्यांपैकी एक’ एवढंच आलं. पण ज्याला हा पावा वाजवून पाहायचा आहे त्याचं लक्ष दुसऱ्या टोकाकडे जातं. ते टोक मोडलेलं आहे, आणि पाचवं छिद्र नेमकं त्या मोडीवर आहे.

हे इतकं महत्त्वाचं का, ते एका साध्या गणितातून कळतं. दोन्ही तोंडं उघडी असलेल्या नळीचा मूळ सूर म्हणजे हवेतला ध्वनीचा वेग भागिले नळीच्या लांबीची दुप्पट. टोकांना हवा थोडी बाहेरही थरथरते, म्हणून प्रत्येक टोकाला नळीच्या आतल्या त्रिज्येच्या साधारण ०.६ पट लांबी वाढवून धरायची. ठाण्यातल्या ३० अंशांच्या दिवशी ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९.५ मीटर असतो. तेव्हा २१.८ सेंमीची नळी, सगळी छिद्रं बंद ठेवून, सुमारे ७९० हर्ट्झ देईल. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाचच्या जवळ. गिधाडाचं हे हाड पूर्ण लांबीचं घेतलं तर साधारण ३४ सेंमी भरतं. तेवढा पावा धरला तर उत्तर येतं ५१० हर्ट्झ, म्हणजे पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मधलं काहीतरी. सा ते पंचम या अंतराहूनही मोठी ही तफावत आहे, आणि ती सगळी न सापडलेल्या बारा सेंटिमीटरांत दडलेली आहे.

बरं, लांबी कळली तरी प्रश्न संपत नाही. फुंकायचं कसं? खाचेच्या धारेवर फुंकलं तर नळी दोन्ही बाजूंनी उघडी राहते आणि वरचं गणित लागू पडतं. त्याच टोकात सनईसारखी पत्ती बसवली तर ध्वनिशास्त्राच्या हिशेबात ते टोक बंद होतं. मग लांबीच्या दुपटीऐवजी चौपटीने भागायचं. तीच २१.८ सेंमीची नळी आता चारशे हर्ट्झच्या आसपास, जवळजवळ एक सप्तक खाली बोलू लागते आणि तिच्या आवाजाचा पोतही बदलतो. पत्ती गवताची किंवा सालीची असेल तर ती हजारो वर्षं मातीत टिकणार नाही. खाचा पाहता धारेवर फुंकत असावेत असं बहुतेकांचं मत आहे. ते पटण्यासारखं आहे, पण पुरावा हाडापाशी थांबतो.

संगीत-पुरातत्त्वाला, म्हणजे जुन्या वाद्यांच्या अवशेषांवरून त्यांचा आवाज शोधणाऱ्या शास्त्राला, प्रायोगिक वादक लागतो तो या टप्प्यावर. शास्त्रीय तालमीतला उत्तम बासरीवादक हातात नळी आली की नकळत सा-रे-ग-म शोधतो. ओठांचा कोन थोडा बदलून, छिद्र अर्धं झाकून तो सूर ‘बरोबर’ करतो आणि मग आपण म्हणतो, बघा, चाळीस हजार वर्षांपूर्वीही हेच सप्तक होतं! घरघर, फुंकेचा सुसाट, दोन सूर एकदम फुटणं, ओठांनी फुर्र करून वाजवणं हे सगळं ज्याच्या नेहमीच्या कामात आहे, तो वादक वस्तूतून निघणारे सगळे आवाज काढतो आणि निवड नंतरसाठी ठेवतो. माझ्या मते या क्षेत्रातलं निम्मं काम म्हणजे स्वतःच्या कानाची सवय बाजूला ठेवणं.

घरी हे करून पाहायला गिधाड लागत नाही. भारतात गिधाडांना कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने ती इतकी कमी केली की २००६ मध्ये ते औषध गुरांसाठी बंद करावं लागलं. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातला बांबूही तोडू नये, ते राष्ट्रीय उद्यान आहे. हार्डवेअरच्या दुकानातला वायरिंगचा २० मिमीचा पांढरा पीव्हीसी पाइप पुरतो. त्याचं आतलं माप साधारण १६ मिमी असतं, म्हणजे हाडापेक्षा बरंच मोठं. त्यामुळे ही नक्कल नव्हे, फक्त तत्त्व कळावं म्हणून केलेली नळी. ३४ सेंमीचा तुकडा हॅकसॉने काटकोनात कापायचा आणि दोन्ही तोंडं आतून-बाहेरून पॉलिश पेपरने साफ करायची. एका तोंडाला गोल कानशीने ५-६ मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाच करायची. खाचेची कड बाहेरच्या बाजूने तिरकी घासायची, आतली धार मात्र तीक्ष्ण राहिली पाहिजे. पाइप उभा धरून हनुवटीने तोंडाचा बराचसा भाग झाकायचा आणि बाटलीच्या तोंडावर फुंकतो तशी अरुंद फुंक त्या धारेवर सोडायची.

पहिल्या दिवशी बहुतेकांची नळी बोलत नाही. कारणं जवळपास ठरलेली असतात. धारेवर प्लास्टिकची कुसळं राहिली, तर फुंक फाटते आणि नुसती हवा ऐकू येते. खाच फार खोल झाली, तर फुंक धारेपर्यंत पोहोचेपर्यंत पसरते. अशा वेळी ते टोक सेंटिमीटरभर कापून नव्याने सुरुवात करावी. फुंक जोरात मारली, तर नळी मूळ सूर सोडून थेट वरच्या सप्तकात उडी मारते. आणि नळी बोलू लागली की सूर गणितापेक्षा खाली येतो, कधी अर्ध्या सुराने, कधी त्याहून जास्त. फुंकताना ओठ आणि हनुवटी तोंडाचा भाग झाकतात, त्यामुळे त्या टोकाची ‘जास्तीची लांबी’ ०.६ त्रिज्येहून मोठी होते. या पाइपला सूत्र ५०० हर्ट्झ सांगतं. प्रत्यक्षात तेवढे मिळाले नाहीत म्हणून नळी फेकू नका.

छिद्रं पाडताना ड्रिल सावकाश चालवायचं आणि आत लाकडी दांडा सारायचा, नाहीतर पीव्हीसी तडकतो. आधी ३ मिमीचं छिद्र, मग कानशीने ६-७ मिमीपर्यंत. छिद्र मोठं होत जातं तसा सूर चढतो, म्हणून लहानापासून सुरुवात. जास्त मोठं झालं तर कडेला मेण लावून लहान करता येतं. खालच्या टोकापासून ७, १०, १३, १६ आणि १९ सेंमीवर पाच छिद्रं पाडून पाहा. सगळी अंतरं तीन-तीन सेंटिमीटर, तरीही सूर सारख्या पायऱ्यांनी चढत नाहीत. वर जाल तशी पायरी मोठी होते, कारण तीन सेंमी हा उरलेल्या लांबीचा वाढता हिस्सा असतो. सारख्या अंतरावरची छिद्रं दिसली की लगेच ‘समान सप्तक’ म्हणणाऱ्यांना ही नळी वाजवायला द्यावी.

बोट ठेवूनही सूर फसफसतो, कारण पाइपच्या गोलाईवर बोट पूर्ण बसत नाही. हिमयुगातल्या कारागिरांनी यावर उपाय काढला होता. ते हाडाला सरळ भोक पाडत नसत. गारगोटीच्या धारेने हाड खरवडून पातळ, किंचित खोलगट करत आणि त्या खळग्यात छिद्र उघडत, म्हणजे बोट नीट बसे. आपणही छिद्राभोवती कानस फिरवून पाइप सपाट करावा, गळती लगेच कमी होते. होले फेल्सच्या जवळच्याच गायसेनक्लॉस्टर्ले गुहेत तर मॅमथच्या हस्तिदंताचा पावा मिळाला. हस्तिदंत हाडासारखा आयता पोकळ नसतो. तो उभा चिरून दोन अर्धे आतून पोखरले, सांध्यावर बारीक खाचा कोरल्या आणि मग दोन्ही अर्धे हवाबंद चिकटवले. पक्ष्याचं हाड हाताशी असताना एवढी मेहनत का घेतली, याचं उत्तर ध्वनिशास्त्रात नाही.

नळी तयार झाली की मोजमाप. फोनवरचं कुठलंही ट्यूनर ॲप चालेल, पण स्वराचं नाव लिहू नका, हर्ट्झ लिहा. ‘पांढरी पाच’ लिहिलं की जवळचा सूर आपोआप गोल केला जातो. एका बोटरचनेवर दहा वेळा फुंकायचं आणि सर्वांत खालचा व वरचा आकडा दोन्ही नोंदवायचे. सोबत तापमान हवंच. १२ अंशांच्या थंड गुहेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३३८.६ मीटर, तर ठाण्यात मे महिन्यातल्या ३५ अंशांना ३५२.५ मीटर. तीच नळी इथे सुमारे ७० सेंट चढेल. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट, आणि सप्तकाच्या २२ श्रुती धरल्या तर सरासरी एक श्रुती ५५ सेंटची. म्हणजे केवळ हवामानाने एका श्रुतीहून जास्त फरक. वादकाच्या श्वासाने नळीतली हवा गरम होते म्हणून प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो. दोन मिनिटं वाजवून नळी तापल्यावर मोजायचं ते याचसाठी.

गहाळ भाग चुकीचा भरला तर काय होतं, याचं प्रसिद्ध उदाहरण इजिप्तमधलं. तुतानखामुनच्या थडग्यातली तुतारी १९३९ मध्ये बीबीसीवर वाजवली गेली. जेम्स टॅपर्न या लष्करी वादकाने ती वाजवताना आधुनिक मुखनळी वापरली. ऐकायला दणदणीत! पण तुतारी, शिंग, कर्णा अशा ओठांनी वाजणाऱ्या वाद्यांत कुठले सूर सहज लागतील, यात मुखनळीचा कप आणि तिचं अरुंद भोक यांचा मोठा वाटा असतो. त्यामुळे श्रोत्यांनी ऐकलं ते अर्धं प्राचीन आणि अर्धं विसाव्या शतकातलं.

स्कॉटलंडमधल्या डेस्कफर्डला १८१६ मध्ये रानडुकराच्या तोंडाचा धातूचा कर्णा सापडला, म्हणजे त्याचं फक्त डोकं. नळी आणि मुखनळी दोन्ही गायब. ही कार्निक्स जातीची उभी तुतारी. १९९३ मध्ये चांदीकाम करणारे जॉन क्रीड, संगीत-अभ्यासक जॉन पर्सर आणि इतर तज्ज्ञांनी मिळून ती पुन्हा घडवली. नळीचा घाट ठरवताना डेन्मार्कमधल्या गुंडेस्ट्रुप या प्राचीन चांदीच्या कढईवरच्या चित्राचा आधार घेतला. त्यात तीन वादक कार्निक्स उभी धरून फुंकताना दिसतात. वाजवली जॉन केनी यांनी. ते ट्रॉम्बोनवादक आणि नव्या संगीताचे रचनाकार, त्यामुळे या नळीतून गुरगुरण्यापासून किंचाळण्यापर्यंत काय काय निघतं याची मोजदाद त्यांनी केली. मूळ सूर कोणते, हा प्रश्न मात्र त्यांच्यासाठीही खुलाच राहिला. सांचीच्या उत्तर तोरणावर परदेशी वेशातली माणसं अशाच उंच, प्राण्याच्या तोंडाच्या तुताऱ्या फुंकताना कोरली आहेत, हे जाता जाता.

फ्रान्सच्या मार्सुला गुहेतला शंख १९३१ मध्ये मिळाला आणि पुढे कित्येक दशकं संग्रहालयात पिण्याचं भांडं म्हणून पडून होता. २०२१ मध्ये अभ्यासकांनी त्याची टोमोग्राफी, म्हणजे आतला भाग दाखवणारी क्ष-किरण तपासणी, केली तेव्हा तुटलेल्या टोकाच्या आत मुद्दाम पाडलेलं भोक दिसलं. टोकाशी तपकिरी लेपाचे अवशेष होते, बहुधा तिथे नळी चिकटवलेली असावी. वय सुमारे अठरा हजार वर्षं. वादकाने त्यातून २५६, २६५ आणि २८५ हर्ट्झ काढले. तिन्ही सूर सा ते शुद्ध रे या अंतराच्या आत आहेत, आणि ते ओठांच्या ताणाने आले, छिद्रांनी नाही. वाजवायचा शंख आणि पूजेत ठेवायचा शंख ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या दुकानात शेजारी ठेवून पाहा. फरक फक्त टोकाला असतो. टोक कापलेलं नसेल तर कितीही फुंका.

आपल्याकडे कोकणाच्या हवेत बांबू, भोपळा, कातडं, तात काहीच टिकत नाही. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचा तारपा पुरला तर त्याचं काही उरण्याची आशा नाही. त्यामुळे आपला पुरावा दगडात आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात नर्तकीभोवती सहा वादक स्त्रिया आहेत, आणि समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर मांडीवर घेतलेली धनुष्याकृती वीणा आहे. पण नाण्यावर तारा मोजून वीणा बांधू नये. छिन्नीला जेवढ्या रेषा परवडतात तेवढ्याच तारा दिसतात.

दगडात अजून एक वाद्य उरलं आहे, ती म्हणजे खोली. येऊरच्या डोंगरापलीकडे, त्याच जंगलात, कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. समजा तीन बाय तीन मीटरची, अडीच मीटर उंचीची कोठडी आहे. घनफळ २२.५ घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून ४८ चौरस मीटर. कातळ आवाजाचा साधारण दोन टक्के भाग शोषतो असं धरू. सबीनच्या सूत्राने, म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण, गुंजन ३.८ सेकंद टिकतं. आता भिंतीत एक बाय दोन मीटरचं उघडं दार काढा. आवाज तिथून निघून जातो आणि गुंजन १.२ सेकंदावर येतं. आत दोन माणसं उभी राहिली, प्रत्येकाचं शोषण अर्धा चौरस मीटर धरलं, की ०.९ सेकंद.

पुष्कळ लेण्यांच्या दारांना लाकडी चौकटीच्या खोबणी अजून दिसतात, म्हणजे तिथे कधीकाळी फळ्यांची दारं होती. आज रेकॉर्डर घेऊन गेलं तर मोजला जातो तो दार नसलेल्या कोठडीचा घुमार. पुरातत्त्व खात्याची परवानगी मिळाली, तर स्पीकरमधून २० ते २०,००० हर्ट्झची चढती शीळ सोडून दोनदा मोजावं, एकदा दार उघडं आणि एकदा प्लायवुडची फळी टेकवून. टाळी वाजवून किंवा फुगा फोडूनही चालतं, पण त्यात खर्जाची ताकद कमी असते. विमानं आणि सहली टाळायच्या तर सकाळी उद्यानाचं दार उघडल्या-उघडल्या जावं. नोंदवहीत प्रत्येक मोजणीसमोर तापमान, आत किती माणसं, फळी होती की नाही आणि तिच्या कडेला किती बोटं फट राहिली तेही लिहावं. त्या फटीतून बराच आवाज निसटतो.