भेरूघाटातला जळका वास

ओंकारेश्वरला जाताना, माळव्याचं पठार संपून रस्ता नर्मदेकडे उतरू लागतो त्या भेरूघाटात, आमच्या गाडीतून जळका वास यायला लागला. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबायचं नाव घेईना. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून कशीबशी कडेला घेतली. ब्रेकचे पॅड दोनच महिन्यांपूर्वी बदलले होते. कंपनीच्या निम्म्या किमतीत मिळाले म्हणून मी खूशही होतो.

हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली की सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल उष्णता तयार होते. चार छोट्या कपांच्या चहाच्या पाण्याला उकळी आणण्याइतकी. घाटात उंची १०० मीटरने कमी होताना वेग नुसता आहे तेवढाच ठेवायचा, तरी याच्या सातपट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. खालच्या गिअरमध्ये इंजिन त्यातला मोठा वाटा उचलू शकतं. मी चौथ्या गिअरमध्ये होतो, त्यामुळे बहुतेक सगळा भार पॅडवर.

पॅड हा घरच्या काळ्या मसाल्यासारखा प्रकार आहे. जिन्नस सगळ्यांचे साधारण तेच: तंतू, बॅराइटची भुकटी, ग्रॅफाइट, थोडी खरखरीत ॲल्युमिना. हे सगळं फिनॉलिक रेझिन नावाच्या चिकट पदार्थात बांधून, दाबून भाजतात. खरी मेख प्रमाणात आणि भाजणीत. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे रेझिन विघटित होऊ लागतं, त्यातून वायू सुटतो आणि पॅड व चाकाबरोबर फिरणारी डिस्क यांच्यामध्ये अडकतो. घर्षण घसरतं. पेडल घट्टच राहतं, कारण ब्रेकच्या तेलाचा दाब शाबूत असतो. तेच ब्रेक ऑइल उकळलं तर उलट घडतं. बुडबुडे दाबले जातात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. डॉट ३ दर्जाचं ताजं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्यासाठी ही मर्यादा १४० वर येते. म्हणजे घाटात काय बिघडलं हे पायालाच कळतं.

काही पॅडच्या कडेवर दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं नेहमीच्या तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. ‘एफएफ’ असेल तर तापल्यावरही पकड त्याच पट्ट्यात राहते, ‘एफई’ असेल तर ढासळते. पॅड किती टिकेल, किंचाळेल का, हे मात्र त्यावरून कळत नाही.

मग कंपनीच्याच डब्यातलं घ्यायचं का? गाडीची कंपनी बहुतेक वेळा पॅड स्वतः बनवत नाही, पुरवठादाराकडून घेते. तो पुरवठादार अनेकदा आपल्या नावानेही बाजारात विकतो, आणि तिथे स्वस्त पडतं. फक्त आपल्या गाडीच्या मॉडेलचा पार्ट नंबर जुळवून घ्यावा. भीती वाटावी ती तिसऱ्या जातीची, हुबेहूब डब्यातल्या डुप्लिकेटची. तिथे भाजणी कोणी केली याचा पत्ताच नसतो. वायपर किंवा पायपुसणी हवी ती घ्या, मी घेतो. ऑइल फिल्टर मात्र कागद भरलेला डबा नव्हे: कागद तुंबला तरी इंजिनला तेल मिळावं म्हणून बहुतेक फिल्टरांत एक झडप असते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

इंदुरात परतल्यावर मिस्त्रीने जुना पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवला. वरचा थर काळा, गुळगुळीत, चकाकता. म्हणाला, “भिया, ये तो काँच हो गया.” नखाने ओरखडा निघेना.

या वेळी पुरवठादाराच्या नावाचे घेतले. नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो, म्हणून सकाळी सहाला सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ वर दहा वेळा ब्रेक लावले, मधे थोडं थंड होऊ देत. मागे बसलेली आई चौथ्या वेळेपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, “अरे, एकदाचा थांब तरी, नाहीतर चालव तरी!”