अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन उतरवू नका

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणी नवा लॅपटॉप आणतं, त्यात उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकतं, आणि अक्षरं वाचवेनाशी झाली की हमखास सल्ला मिळतो: ‘रिझोल्यूशन कमी कर.’ कृपा करून हा सल्ला देणं थांबवा. वाढवायचं असतं ते स्केल, म्हणजे अक्षरं आणि बटणं किती पट मोठी काढायची ते प्रमाण. ग्नोम या उबुंटूच्या डेस्कटॉपच्या ‘डिस्प्ले’ सेटिंगमध्ये दोन्ही पर्याय एकाच पानावर असतात, त्यामुळे गल्लत होते.

रिझोल्यूशन म्हणजे आडवे-उभे पिक्सेल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लक्षात घेतलं जात नाही ते हे, की सेटिंग उतरवलं तरी पॅनेलवरचे पिक्सेल बदलत नाहीत. २८८०×१८०० च्या पडद्यावर १९२०×१२०० निवडलं, तर चित्रातल्या एका ठिपक्याला आडवा आणि उभा दीड-दीड पिक्सेल येतो. अर्धा पिक्सेल उजळता येत नाही. मग शेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळतात आणि कडा पुसट होतात. इंग्रजी अक्षरं त्यात कशीबशी तगतात. देवनागरीत मात्र रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांची गिचमीड होते. ज्या स्पष्टतेसाठी जास्त पैसे मोजले, ती आपल्याच हातांनी घालवायची!

स्केल २०० टक्के केलं की पडदा २८८०×१८०० वरच राहतो. प्रत्येक अक्षर दुप्पट आकारात नव्याने रेखलं जातं. जिथे एक पिक्सेल होता तिथे चार कामाला लागतात. मावणारा मजकूर १४४०×९०० इतकाच, पण वेलांट्या कोरल्यासारख्या दिसतात.

२०० फार मोठं वाटलं तर लोक १५० कडे धावतात. ग्नोममध्ये जुनी, एक्स११ (पडद्यावर खिडक्या काढणारी जुनी प्रणाली) साठी लिहिलेली ॲप्स अशा अपूर्णांकी स्केलवर अनेकदा धूसर दिसतात. माझी पसंती ठाम आहे: स्केल २०० ठेवा आणि ‘ट्वीक्स’ या ग्नोमच्या जादा सेटिंग्जच्या ॲपमधून फक्त मजकूर ०.९ पट करा. बटणं मोठीच राहतात, पण बोटाने टचपॅड चालवणाऱ्याला ती सोयीचीच.

ऑफिसात २४ इंची, १९२०×१०८० चा मॉनिटर जोडत असाल तर त्याला १०० टक्के पुरे. दोन पडद्यांना असं वेगवेगळं स्केल वेलँडवर, म्हणजे एक्स११ च्या जागी आलेल्या नव्या प्रणालीवर, सहज मिळतं. एक्स११ वर साधारणपणे सगळ्यांना एकच. तुमचं सेशन या दोन्हींपैकी कोणत्या प्रणालीवर चालतं, ते सेटिंग्जमधल्या सिस्टिमच्या माहितीत ‘विंडोइंग सिस्टिम’समोर लिहिलेलं असतं.