क्रूझ दुबईला लागणार, पण कुठल्या बंदराला?

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत बऱ्याचदा नुसतं 'दुबई' छापलेलं असतं. प्रत्यक्षात तिथे प्रवासी जहाजं दोन ठिकाणी लागतात: पोर्ट राशिद आणि दुबई हार्बर. दोन्हींमध्ये रस्त्याने तीसेक किलोमीटर, म्हणजे जवळपास चर्चगेट ते बोरिवली. हाताशी एकच दिवस असेल, तर कुठे उतरणार यावरच काय बघायचं ते ठरतं. म्हणून तिकिटं काढण्याआधी टर्मिनलचं नाव विचारून घ्या.

दुबई वाढली ती खाडीच्या काठाने. खाडी गाळाने भरत चालली, तेव्हा १९६० च्या सुमारास ती उपसली गेली. तरी मोठी जहाजं आत येईनात, म्हणून खाडीच्या तोंडाशी पोर्ट राशिद बांधलं. ते १९७२ साली सुरू झालं. मालवाहतूक पुढे जेबेल अलीच्या बंदरात गेली आणि इथे प्रवासी जहाजं राहिली. जुनी 'क्वीन एलिझाबेथ २' इथेच कायमची नांगरलेली आहे, आता हॉटेल म्हणून. बंदर मालासाठी बांधलेलं असल्यामुळे आवार प्रचंड आहे. त्यातून चालत बाहेर पडायच्या फंदात पडू नका, टॅक्सी करा. पण एकदा बाहेर पडलात की जुनं शहर हाकेच्या अंतरावर.

आधी खाडीच्या अलीकडच्या बर दुबईत अल फहिदी या जुन्या वस्तीच्या गल्ल्या बघा. घरांवर चौकोनी वातमनोरे दिसतील, वारा खाली खोलीत ओढून घेणारे. विजेच्या एसीआधीची सोय. तिथून कापडबाजारातून चालत धक्क्यावर या आणि खाडीपलीकडच्या देराला जाणाऱ्या अब्रामध्ये बसा. लाकडी होडी, मधोमध लांब बाक, त्यावर सगळे पाठीला पाठ लावून पाण्याकडे तोंड करून बसतात. नावाडी मधल्या खड्ड्यात उभा राहून सुकाणू सांभाळतो आणि होडी सुटली की एकेक दिरहमचं नाणं गोळा करतो. सुटे जवळ ठेवा. पलीकडे उतरल्या उतरल्या मसालेबाजार: केशर, वाळवलेली काळी लिंबं, ऊद हे सुगंधी लाकूड. सोनेबाजार तिथून थोडंच चालून. दुकानदार आपल्याला बघून थेट हिंदीत सुरू होतात. नवल नाही, १९६६ पर्यंत दुबईत आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला गल्फ रुपयाच चालत होता. दुपारी मात्र बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे सकाळीच उरका. भूक लागली तर भारतीय खाण्याचा मीना बाजार बर दुबईतच आहे.

दुबई हार्बर हे अगदी वेगळं प्रकरण. २०२१ साली सुरू झालेलं हे टर्मिनल मुळातच पर्यटकांसाठी बांधलेलं, पाम जुमेराह हे खजुराच्या आकाराचं कृत्रिम बेट आणि ब्लूवॉटर्स बेट यांच्या मधे. इथून दुबई मरीनाचे टॉवर, जेबीआरचा (जुमेराह बीच रेसिडेन्स) समुद्रकिनारा आणि २५० मीटर उंचीचा 'ऐन दुबई' पाळणा जवळ. पाम बघायला बरेच जण मोनोरेलने टोकापर्यंत जातात आणि हिरमुसून परततात, कारण खालून तो खजुराचा आकार दिसतच नाही. तो बघायचा तर पाम टॉवरवरच्या 'द व्ह्यू' या प्रेक्षक गॅलरीत चढायला हवं. लहान मुलं बरोबर असतील तर हे बंदर सोयीचं. मला विचाराल तर पहिल्या खेपेला पोर्ट राशिद मिळणं भाग्याचं. काचेचे टॉवर कुठल्याही बंदरावरून लांबून दिसतातच.

बुर्ज खलिफा दोन्हींच्या मधे असला तरी पोर्ट राशिदला जास्त जवळ: तिथून बाराएक किलोमीटर, हार्बरहून साधारण दुप्पट. हार्बरहून गेलात तर संध्याकाळी शेख झायेद रोडवरच्या गर्दीचा वेळ हिशेबात धरा, नाहीतर रेड लाइन मेट्रोने परत या. वरच्या मजल्यांचं तिकीट आधीच काढून ठेवा. सूर्यास्ताची वेळ सर्वात महाग असते आणि जहाजावर परतायची वेळ जवळ येत असेल, तर ती घेऊच नये.

परतताना टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ टर्मिनल' सांगू नका. पोर्ट राशिदला तिथे 'मिना राशिद' म्हणतात आणि घाईत ते 'मरीना'सारखं, म्हणजे दुबई हार्बरजवळच्या भागासारखं, ऐकू येतं. उतरतानाच टर्मिनलच्या पाटीचा फोटो काढा आणि ड्रायव्हरला तोच दाखवा.