घड्याळ कुणाच्या हातात?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, मी ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हातात स्टॉपवॉच आणि पॅड आलं. वाळूचे साचे बनवणाऱ्या एका मोल्डरमामांना साच्याची एक पेटी भरायला किती वेळ लागतो, ते टिपायचं होतं. मामांनी पॅटर्नवर, म्हणजे वस्तूच्या नमुन्यावर, बारीक वाळू चाळली, पेटी भरली, रॅमरच्या ठोकणीनं ठोकली, तारेनं हवेसाठी भोकं पाडली. सगळं कसं निवांत. तासाभरापूर्वी मी लांबून बघत होतो तेव्हा तेच हात याच्या निम्म्या वेळात पेटी बाजूला सारत होते.

"मामा, मघाशी तर भराभर चाललं होतं की!"

मामा वर न बघता म्हणाले, "मघाशी तुमच्या हातात घड्याळ कुठं हुतं?"

हे भांडण अमेरिकेत फार आधी होऊन गेलंय आणि तेही मोल्डरांनीच केलंय, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉटरटाउन इथं लष्करी सामान बनवणारा सरकारी कारखाना होता. ऑगस्ट १९११मध्ये तिथल्या फौंड्रीत एक जण स्टॉपवॉच घेऊन मोल्डरांशेजारी उभा राहिला. एका मोल्डरनं वेळ मोजून घ्यायला नकार दिला, त्याला कामावरून काढलं आणि बाकीचे मोल्डर बाहेर पडले. संप आठवडाभरच टिकला. पण प्रकरण थेट अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेलं, चौकशी समिती बसली आणि पुढे सरकारी शस्त्र कारखान्यांत स्टॉपवॉच वापरायलाच बंदी आली.

त्या घड्याळामागचा माणूस म्हणजे फ्रेडरिक टेलर. संप झाला त्याच वर्षी त्याचं 'शास्त्रीय व्यवस्थापना'वरचं पुस्तक आलं होतं. खुद्द टेलर कारखान्यात खालून वर चढलेला, त्यामुळे कामगार मुद्दाम हात आखडता घेतात हे त्यानं आतून पाहिलं होतं. कारणही त्याला ठाऊक होतं. पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरी असताना, जास्त माल काढला की मालक दर कमी करतो, मग उगाच कशाला घाम गाळा? यावर त्याचा उपाय असा, की काम बारीक हालचालींत मोडायचं, प्रत्येकीचा वेळ घ्यायचा, फालतू हालचाली गाळायच्या आणि उरेल ती 'योग्य' पद्धत. बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीत त्यानं फावडी मोजली. एका खेपेला साधारण २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल उचलला तर दिवसाचं काम सर्वांत जास्त होतं, असं त्याला आढळलं. मग हलक्या कोळशाला मोठं फावडं आणि जड खनिजाला छोटं. हे मला आजही पटतं. आपल्याकडे वाळू आणि कोक एकाच फावड्यानं ओढणारी माणसं मी पाहिली आहेत.

त्याची दुसरी गोष्ट मात्र जरा जपून ऐकावी. कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणारा 'श्मिट' नावाचा मजूर दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेला आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ झाली, असं टेलर रंगवून सांगायचा. १९७४मध्ये दोन अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं तपासली, तेव्हा या कथेत बरंच मीठमसाला लावलेलं निघालं. आणि त्याचे आकडे जसेच्या तसे घेतले तरी हिशोब बघा: काम जवळपास चौपट, मजुरी दीडपटीच्या थोडी वर.

टेलरच्या पद्धतीतलं खरं दुखणं कळायला मला गुऱ्हाळ उपयोगी पडलं. काहिलीत रस आटत आला की गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात सोडतो, बोटांत गोळी वळतेय का बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. थर्मामीटर लावला तर तिथं ११८ अंशांच्या आसपास आकडा दिसेल. टेलर म्हणायचा, कामगारांच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं हे ज्ञान व्यवस्थापनानं गोळा करावं आणि त्याचे नियम बांधावेत. नियम बांधले की नवा पोरगाही गूळ बिघडवणार नाही, हा फायदा नाकारता येत नाही. पण गुळव्याची किंमत तो आकडा कागदावर उतरेपर्यंतच. वॉटरटाउनच्या मोल्डरांना नेमकं हेच कळलं असावं.

फोर्डच्या चालत्या पट्ट्यावर मी फार थांबत नाही. १९१३मध्ये एका गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून उतरत काही महिन्यांत दीड तासावर आला आणि कंटाळलेले कामगार इतके सोडून जाऊ लागले, की १९१४च्या जानेवारीत फोर्डला दिवसाला पाच डॉलर जाहीर करावे लागले.

शिकागोजवळच्या, टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४पासून उजेड कमीजास्त करून उत्पादन मोजलं जात होतं. उजेड कमी केला तरी उत्पादन पडेना. आपल्याकडे कुणी लक्ष देतंय म्हटल्यावर माणूस जोमानं काम करतो, असा त्यातून निष्कर्ष निघाला. नंतर आकडे पुन्हा तपासल्यावर हा परिणाम बराच फिका निघाला. मला तिथली वायरिंगची खोली जास्त आवडते. चौदा माणसं, आणि कुणी फार वेगानं हात चालवला तर शेजारी त्याच्या दंडावर ठोसा द्यायचा! टेलरला जे आधीच ठाऊक होतं ते आता संशोधकांनी वहीत टिपलं.

त्याच वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये, त्याच १९२४ साली, वॉल्टर शुहार्ट या भौतिकशास्त्रज्ञानं एक साधा आलेख मांडला. कुठलंही माप रोज थोडं हलतंच. प्रत्येक मापाचा एक ठिपका, मधोमध सरासरी, वर-खाली मर्यादेच्या दोन रेषा. ठिपके आत विखुरलेले असतील तर तो त्या व्यवस्थेचा स्वभाव. तिथं माणसाला झापून काही होत नाही. ठिपका बाहेर गेला तरच वेगळं कारण शोधायचं. डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं १९५०मध्ये हे जपानी कारखानदारांना शिकवलं. टोयोटात तर गडबड दिसली की लाइन थांबवायची दोरी कामगाराच्याच हाताशी आली.

आमच्या फौंड्रीत हा आलेख वाहनकंपन्यांच्या आग्रहामुळं आला. जुलैचा महिना, कोल्हापूरचा पाऊस, ओतलेल्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, आणि नाकारलेल्या मालाचे पैसे मोल्डरांच्या माथी. "हात नीट चालत नाही," हे फोरमनचं ठरलेलं उत्तर. मी वाळूतल्या ओलाव्याचे ठिपके मांडायला लागलो. मर्यादेबाहेरचे ठिपके सगळे जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशीचे होते. वाळूच्या ढिगावरचा पत्रा गळत होता.

"ह्ये मी मागल्या पावसाळ्यातच सांगितलं हुतं," मामा म्हणाले. "पर माझ्याकडं कागुद नव्हता."

पत्रा बदलला. दुसऱ्या दिवशी मामांनी मूठभर वाळू घट्ट दाबली, दोन बोटांनी मोडली, मोडलेली कड उजेडात धरून पाहिली. "आज चालंल." मी ओलाव्याचा मीटर लावला. साडेतीन टक्के, रेषांच्या आत.