डीएफएस आणि बॅकट्रॅकिंग: खूण ठेवायची की पुसायची?

दादरला रविवारी मुलांना अल्गोरिदम शिकवतो. दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, "सर, बॅकट्रॅकिंग म्हणजे डीएफएसच ना?" डीएफएस म्हणजे डेप्थ-फर्स्ट सर्च, खोलवर जात शोधणं. बॅकट्रॅकिंग म्हणजे उत्तर एकेक पाऊल रचत जायचं आणि अडलं की शेवटचं पाऊल मागे घ्यायचं. दोन्ही एकच, हे अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यापायीच कोडी चुकतात.

डीएफएस तुम्हाला येतं असं धरतो. एक वाट धरून जमेल तितकं आत जायचं, वाट संपली की एक पाऊल मागे. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) वापरा नाहीतर स्वतःचा स्टॅक (मागे यायच्या जागांची चळत) ठेवा, फरक किरकोळ. "बॅकट्रॅकिंगमध्ये मागे येतात, डीएफएसमध्ये नाही" हे मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. मागे दोन्हींत येतात. मागे येताना 'व्हिजिटेड'ची, म्हणजे "इथे येऊन गेलो" ही खूण ठेवायची की पुसायची, एवढाच खरा प्रश्न.

लोकलचा नकाशा घ्या. चर्चगेटहून कुठल्या कुठल्या स्टेशनांवर पोचता येतं? दादरवर एकदा खूण केली, तिथून निघणाऱ्या वाटा शोधून झाल्या, की नंतर परळकडून पुन्हा दादरला आलात तरी नवीन काही हाती लागत नाही. म्हणून खूण कायम.

आता कोडं. १ ते ६ हे आकडे गोलात असे मांडा की शेजारच्या कुठल्याही दोघांची बेरीज मूळ संख्या येईल. १ पक्का, बाकीचे लहानापासून लावत जायचे. १, २, ३, ४ पर्यंत सुरळीत, बेरजा ३, ५, ७. उरले ५ आणि ६. चारात मिळवले तर ९ आणि १०, दोन्ही बाद. मागे. ३ नंतर ५ घातला तर ८, ६ घातला तर ९. आणखी मागे, २ पाशी.

इथे ३ आणि ४ वरच्या खुणा पुसल्याच नाहीत असं समजा. २ नंतर ५ बसतो, ५ नंतर ६ बसतो, पुढे काही उरत नाही. परत १ पाशी येता तेव्हा बाकी पाचही आकड्यांवर खुणा आहेत. प्रोग्रॅम सांगतो, उत्तर नाही. आणि उत्तर तर समोर आहे: १, ४, ३, २, ५, ६. बेरजा ५, ७, ५, ७, ११, आणि गोल मिटवताना ६ + १ = ७.

दादर कुठूनही या, दादरच. पण '१, २, ३ नंतरचा ४' आणि '१ नंतरचा ४' या दोन निराळ्या जागा आहेत. बॅकट्रॅकिंगही डीएफएसच करतं, पण आकड्यांवर नाही, अर्धवट मांडण्यांवर. तिथली खूण "हा आकडा बघून झाला" असं म्हणत नाही, "या मांडणीत हा आकडा अडकलाय" एवढंच म्हणते. मांडणी मोडली की आकडा मोकळा व्हायलाच हवा.

उलटी चूकही होते. मोठ्या नकाशावर खुणा पुसत बसलात तर उत्तर बरोबरच येईल, पण प्रत्येक वाटेने तीच ठिकाणं पुन्हा पुन्हा पालथी घालत बसाल.

आणि कृपा करून चाचणी ७ आकड्यांवर घेऊ नका. इथली प्रत्येक बेरीज किमान ३, म्हणजे ती विषमच हवी, म्हणजे शेजारी सम-विषमच हवेत. ७ च्या गोलात ते जमत नाही. खूण न पुसणारा प्रोग्रॅमही तिथे "उत्तर नाही" म्हणतो आणि बरोबर ठरतो.

खूण करणं आणि पुसणं या दोन ओळी मी रिकर्सिव्ह कॉलच्या लगेच वर आणि लगेच खालीच लिहून घेतो. दर कॉलला ॲरेची (खुणांच्या यादीची) नवी प्रत पाठवूनही काम होतं, पण शिकणाऱ्याला काय पुसलं गेलं ते दिसत नाही, म्हणून मला ते पटत नाही. प्रत एकाच ठिकाणी हवी, सापडलेलं उत्तर साठवताना. पायथॉनमध्ये चालू मांडणीची यादीच जशीच्या तशी साठवलीत, तर पुढच्या पुसापुशीत तीही रिकामी होत जाते. ६ च्या कोड्याला दोन उत्तरं आहेत, दुसरं पहिल्याचंच उलट, १, ६, ५, २, ३, ४. दोन्ही सापडतात, आणि छापताना दोन्ही जागी नुसता १ दिसतो.